बारदाना संपला

"बारदाना शिल्लक नसल्यामुळे खरेदी बंद आहे."

२०१७ च्या मार्चमध्ये आमच्या भागातल्या एका तूर खरेदी केंद्राच्या गेटवर हा पुठ्ठा सुतळीने बांधून लटकवला होता. त्याचा फोटो अजून माझ्या जुन्या मोबाईलमध्ये आहे. गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, टेम्पो, छोटा हत्ती, दोन-चार बैलगाड्या. चाकाला दगड लावलेले, वर ताडपत्री, खाली माणसं झोपलेली. मी बातमी करायला गेलो होतो. त्याच रांगेत माझे बाबा पण होते, अकरा क्विंटल तूर घेऊन, तिसरा दिवस.

बाबा म्हणाले, "तूर घरची, रान घरचं, पाणी देवाचं. अन् अडलं कशाला तर पोत्याला!"

केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथला ग्रेडर आणि हमाल यांचा त्यात काहीच दोष नव्हता, ते पण आमच्यासारखेच दुपारभर सावली शोधत बसले होते. पण तो पुठ्ठा माझ्या डोक्यातून गेला नाही. आता पुन्हा तूर काढणी चालू आहे, पुन्हा नोंदणीच्या रांगा लागणार आहेत, म्हणून थोडं मागचं लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी २०१५ आठवा. २०१४ ला पाऊस नाही, २०१५ ला पण नाही. दुधना कोरडी, गोदावरीत पोरं क्रिकेट खेळायची. त्या वर्षी महाराष्ट्रात तूर झाली साडेचार लाख टनांच्या आसपास. दिवाळीच्या तोंडावर मुंबईत तूरडाळ दोनशे रुपये किलोला गेली. परभणीत खानावळीतलं वरण इतकं पातळ झालं की वाटीचा तळ दिसायचा. टीव्हीवर दिवसभर डाळ. व्यापाऱ्यांच्या गोदामांवर धाडी, साठ्यावर मर्यादा, शहरात सरकारी स्वस्त डाळीच्या रांगा. डाळ महागली की सरकार हलतं, हे आपण कांद्यावरून शिकलोच आहोत.

मग सरकारने २०१६ मध्ये एकामागून एक निर्णय घेतले. तुरीचा हमीभाव आदल्या वर्षी बोनस धरून ४,६२५ होता, तो बोनससह ५,०५० केला. जुलैमध्ये मोझांबिकशी करार झाला, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन डाळी आणायच्या. सप्टेंबरमध्ये डाळींचा राखीव साठा आठ लाख टनांवरून वीस लाख टन करायचं ठरलं. त्याच महिन्यात अरविंद सुब्रमण्यन समितीचा अहवाल आला. समितीचं म्हणणं होतं की हमीभाव वाढवा, खरेदी नीट करा, आणि साठा मर्यादा व निर्यातबंदी काढून टाका. यातला पहिला भाग लगेच सगळ्यांना आवडला. दुसरा भाग कागदावर राहिला, त्याकडे पुढे येतो.

इकडे गावात कृषी सहायक सांगत होते, तूर लावा. सांगायची गरज नव्हती. दोनशे रुपयांचा आकडा प्रत्येकाने टीव्हीवर पाहिलेला होता. ज्याने आयुष्यभर कपाशीत दहा ओळींमागे एक-दोन ओळी तूर लावली, त्याने त्या वर्षी सलग तूर लावली. बदनापूर केंद्राच्या बीडीएन ७११ चं बी मिळावं म्हणून लोकांनी ओळखी काढल्या. आणि पाऊस? दोन वर्षांचा राग विसरून बरसला.

महाराष्ट्रात तूर झाली वीस लाख टनांच्या घरात. साडेचारवरून वीस. देशात २५ लाख टनांवरून ४८ लाखांच्या पुढे. आणि त्याच २०१६-१७ मध्ये सगळ्या प्रकारच्या मिळून ६६ लाख टन डाळी बाहेरून आल्या, कारण ते सौदे टंचाईच्या भीतीत झाले होते आणि जहाजाला मागे फिर म्हणता येत नाही.

मोंढ्यात तूर चार हजाराच्या खाली आली. हमीभाव ५,०५०. साहजिकच प्रत्येक गाडी सरकारी केंद्राकडे वळली.

आता एक गोष्ट बघा. आपल्या घरात वरण किती शिजतं? २०१५ ला जेवढं, जवळपास तेवढंच २०१७ ला. महाग झालं तर मूठभर कमी, स्वस्त झालं म्हणून कुणी तिप्पट वरण खात नाही. खाणाऱ्याचं ताट जवळजवळ स्थिर. पण त्या ताटापासून जितकं मागे जाल, किराणा दुकान, मग ठोक व्यापारी, मग डाळमिल, मग मोंढा, मग शेत आणि बंदर, तितकी उलथापालथ मोठी होत जाते. गाडीवान आसूड फिरवतो तेव्हा त्याचं मनगट इतकुसं हलतं, पण टोकाला सटकन आवाज निघतो. पुरवठ्याच्या साखळीचा अभ्यास करणारे याला चाबकाचंच नाव देतात. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने बाळांच्या लंगोटांच्या बाबतीत हेच पाहिलं होतं. बाळं रोज सारखीच लंगोट ओली करतात, पण कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी कधी आभाळात, कधी पाताळात. कारण प्रत्येक दुकानदार खऱ्या मागणीकडे न बघता पुढच्याच्या ऑर्डरीकडे बघून स्वतःची ऑर्डर फुगवतो. स्टॅनफर्डच्या हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलं, ते आजही शिकवलं जातं.

आमच्याकडे आसुडाचं टोक म्हणजे शेतकरी. तो आज पाहिलेल्या भावावर जूनमध्ये पेरतो आणि माल जानेवारीत हातात येतो. मधल्या सहा-सात महिन्यांत जग बदललेलं असतं. यात त्याचा मूर्खपणा नाही. त्याच्या हातात दुसरा आकडाच नसतो.

बरं, पीक किती येणार हे कुणालाच नक्की कळत नाही, हे मान्य. पण मला राग आला तो पोत्याचा.

हिशेब सोपा आहे. एक लाख टन तूर पन्नास किलोच्या पोत्यात भरायची तर वीस लाख पोती लागतात. चार लाख टनांना ऐंशी लाख. सगळी वीस लाख टन तूर केंद्रावर आली असती तर चार कोटी. ही पोती इथे होत नाहीत. तागाच्या गिरण्या आहेत कोलकात्याजवळ, हुगळी नदीच्या काठाने. धान्यासाठी तागाचंच पोतं वापरायचं असा १९८७ चा कायदा आहे. सरकारी पोत्यांची मागणी कोलकात्याच्या ज्यूट कमिशनरकडे आधी नोंदवावी लागते, मग गिरणीला ऑर्डर जाते, मग गठाणी रेल्वेने किंवा ट्रकने निघतात. फोन केला आणि परवा पोती आली, असं ते काम नाही. आणि १ एप्रिलपासून पंजाब-हरियाणात गव्हाची सरकारी खरेदी सुरू होते. पोत्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते. आपली तूर मार्चमध्ये दाबात येते, म्हणजे नेमकी जेव्हा देशातली पोती उत्तरेकडे चाललेली असतात.

इथे माझ्या धंद्यातलं एक सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी गावी आलो तेव्हा पहिली काही वर्षं तालुका वार्ताहर आणि पेपरचा एजंट ही दोन्ही कामं मीच करायचो. छोट्या गावात अशीच पद्धत होती. पहाटे पार्सल उतरवायचं, पोरांना गठ्ठे वाटायचे, मग बातम्या. रोज रात्री कार्यालयाला सांगायचं, उद्या किती अंक पाठवू. जास्त मागवले तर उरलेले रद्दीत, कमी मागवले तर गिऱ्हाईक शेजारचा पेपर घेतं आणि परत येत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी एकदा दीडपट मागवले आणि तरी कमी पडले, एकदा तिप्पट मागवले आणि महिनाभर घरात चिवडा त्याच कागदावर खाल्ला.

नंतर कळलं की या गणिताला जगभरात पेपरवाल्याचंच गणित म्हणतात. १८८८ मध्ये एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने बँकेने तिजोरीत किती रोकड ठेवावी याचा असाच हिशेब मांडला होता. सार एवढंच की उद्याची मागणी तुम्हाला कधीच नक्की कळणार नाही. म्हणून जास्त झालं तर किती तोटा आणि कमी पडलं तर किती तोटा, हे दोन आकडे शेजारी ठेवा. कमी पडण्याचा तोटा मोठा असेल तर अंदाजापेक्षा जास्तच मागवा.

आता हे पोत्याला लावा. नवं पोतं तेव्हा पन्नास-साठ रुपयांचं धरा. जास्त झालं तर ते सडत नाही, पुढच्या हंगामात चालतं. कमी पडलं तर? बाबांनी चौथ्या दिवशी टेम्पोचं भाडं वाढतंय म्हणून गाडी मोंढ्याकडे वळवली आणि ३,९०० ने तूर घातली. क्विंटलमागे ११५० रुपये गेले. एका पोत्यामागे ५७५. अकरा क्विंटलला १२,६५०. साठ रुपयांचं पोतं नव्हतं म्हणून ५७५ चा तोटा.

मोंढ्यातल्या एका आडत्याला मी विचारलं, तुमच्याकडे बारदाना कधी संपत नाही का हो? तो हसला. "भाऊ, पोतं उरलं तर पुढच्या सालाला लागतं. पोतं संपलं तर माल शेजारच्या दुकानात जातो." एजवर्थ न वाचता त्याला हे ठाऊक होतं, कारण पोतं पण त्याचं आणि गेलेलं गिऱ्हाईक पण त्याचंच.

सरकारी साखळीत पोतं मागवणारा एक, आणि पोतं नसल्याचा तोटा सोसणारा दुसरा. उलट केंद्र चार दिवस बंद राहिलं तर सरकारची तेवढी खरेदी वाचते. कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण ज्याच्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याच्या खिशातून जातो, त्याला अंदाज सुधारायची घाई नसते, हे मी माझ्या अनुभवावरून लिहितो.

शेवटी खरेदीची मुदत आधी वाढवत नेली आणि २२ एप्रिल २०१७ ला थांबवली. तोपर्यंत राज्यात सुमारे चार लाख टन खरेदी झाली होती. केंद्रांवर गाड्या तशाच उभ्या. ओरड झाली, मग राज्याने स्वतःच्या पैशातून आणखी एक लाख टन घ्यायचं जाहीर केलं, मग पंचनामे, टोकन, चौकशा. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर माल घातला असे आरोप झाले. भावात हजाराचा फरक असला की हे होणारच.

हे आपल्याकडे पहिल्यांदा झालं का? अजिबात नाही. आपला जिल्हा म्हणजे मुळात पांढऱ्या सोन्याचा, आणि कापसाने हे सगळं आधी भोगलेलं आहे.

निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे १९०० च्या सुमारास झाली आणि परभणी, सेलू, मानवत रोड ही स्टेशनं जगाच्या बाजाराला जोडली गेली. जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या. पण लाईन मीटरगेज. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज. म्हणजे प्रत्येक गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायची. हमाल कमी पडले, डबे कमी पडले, पाऊस आला, की माल मनमाडला अडकलाच. सेलूच्या कापसाचा भाव ठरायचा मुंबईत आणि लिव्हरपूलला, पण सेलूचा कापूस मुंबईला कधी पोचेल हे मनमाडच्या फलाटावर ठरायचं. हे गेज बदलायला १९९० चं दशक उजाडलं. साखळीतली सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ते शोधायचं असेल तर मोठ्या ऑफिसात बघू नका, असं तेव्हापासूनचं चित्र आहे. तेव्हा फलाट होता, २०१७ ला पोतं.

मग आली कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ चा कायदा, १९७२-७३ चा हंगाम. कल्पना धाडसी होती. व्यापाऱ्याची चढउतार शेतकऱ्याला नको, म्हणून राज्यातला सगळा कापूस एकटं सरकार घेणार, सरकारच जिनिंग करून गाठी विकणार. शेतकऱ्याला आधी हमी किंमत, नंतर नफा झाला तर वरचे पैसे हप्त्याने. चांगल्या वर्षातून पैसा बाजूला काढायचा आणि वाईट वर्षी वापरायचा, यासाठी किंमत चढउतार निधी. कागदावर आजही वाचली तर योजना आवडते.

माझ्या लहानपणीचं आठवतं ते सेलूला गाड्यांची रांग. बाबांबरोबर मी एकदा दोन रात्री राहिलो होतो. कापसाच्या गाडीत वर झोपायला मिळालं म्हणून मला मजाच वाटली. रात्री कुणीतरी भजन म्हणायचं, पहाटे भाकरी-पिठलं. बाबांना त्या दोन रात्रींत झोप नव्हती, हे मला आता कळतं. कापूस उघड्यावर, ढग आले की सगळे आभाळाकडे बघत बसायचे.

योजना कुठे अडली? पीक किती येणार याचा अंदाज चुकायचा हे आहेच. पण त्याहून मोठी भानगड सीमेवर होती. बाहेर भाव जास्त असला की आपला कापूस रातोरात आंध्र आणि मध्य प्रदेशात जायचा, सरकारी केंद्रं रिकामी. आपला हमीभाव बाहेरच्यापेक्षा जास्त असला की उलटी गंगा, परराज्यातला कापूस आपल्या केंद्रावर. म्हणजे नफ्याच्या वर्षी सरकारकडे माल नाही आणि तोट्याच्या वर्षी दुप्पट माल. निधी भरणार कधी? २००१ मध्ये जगात रुईचा भाव पौंडाला चाळीस सेंटच्या खाली गेला तेव्हा तर कंबरडंच मोडलं. हजारो कोटींचा तोटा साचला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला दार उघडून एकाधिकार संपला.

शरद जोशींची माणसं तेव्हा म्हणायची, सरकारने बाजूला व्हावं. मी ते पूर्ण मान्य करत नाही, कारण सरकार बाजूला झाल्यावर तीन हजारांना तूर मागणारा व्यापारी पण मी बघितलाय. पण एवढं खरं की जो "सगळं घेतो" असं वचन देतो, त्याला सगळं किती येणार हे रोज मोजत राहावं लागतं. वर्षातून एकदा अंदाज करून भागत नाही.

रोज मोजण्यावरून बहात्तरच्या दुष्काळाचं आठवलं. तेव्हा माझा जन्म नव्हता, पण घरात त्या सालाच्या गोष्टी इतक्या ऐकल्यात की पाठ आहेत. आजी खडी फोडायला जायची. सुकडी, मिलो ज्वारी, लालसर भाकरी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. जगातल्या अभ्यासकांनी त्या कामाचं कौतुक केलंय, त्यात त्रुटी होत्या तरी. आता विचार करा, किती लोकांना काम लागेल याचा अंदाज कुणी करू शकलं असतं का? नाही. पण त्यांच्याकडे हजेरीपट होता. जो काम मागायला आला त्याचं नाव लागलं. वाढली माणसं की पटावर दिसायची, आणि त्यावरून काम आणि मजुरी पुढे सरकायची. धान्याची टंचाई होतीच, केंद्राकडून मागितलं तेवढं मिळत नव्हतं. पण गरज किती आहे हे मोजायचं साधन गावातल्या मुकादमाच्या हातात होतं. कॉम्प्युटर नाही, ॲप नाही, कार्बन पेपर.

२०१७ कडे परत येतो. शेतकऱ्याची तूर रस्त्यावर आल्यावर मग सुब्रमण्यन समितीचा तो दुसरा भाग आठवला. मे २०१७ मध्ये साठा मर्यादा उठली. ऑगस्टमध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली. २००६ पासूनची निर्यातबंदी सप्टेंबरमध्ये तुरीसाठी आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्या डाळींसाठी निघाली. सगळे निर्णय योग्य. सगळे निर्णय जानेवारीत हवे होते. सरकारकडे तुरीचे डोंगर, मग भरडून रेशनवर ५५ रुपये किलोने डाळ विकायला काढली, पुढच्या वर्षी ३५ रुपयांनी. पन्नास रुपये पन्नास पैशांची तूर, भरडल्यावर किलोमागे सातशे ग्रॅमच्या आत डाळ, आणि विक्री ३५ ला. वखारीचं भाडं, वाहतूक, घट वेगळी.

पुढे काय झालं तुम्हाला माहीत आहे. लोकांनी तूर कमी केली, सोयाबीन वाढवलं. २०२३ मध्ये तूर दहा हजारांच्या वर गेली. लगेच पुन्हा धाडी, साठा मर्यादा, आयात मोकळी. ती शुल्कमुक्त आयात मुदतवाढीवर मुदतवाढ घेत २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंत आली होती. आणि २०२५ च्या सुरुवातीला तूर परत हमीभावाच्या खाली. आसूड तोच, फक्त फिरवणारा हात बदलला.

आणि पोतं? २०२४-२५ चा सोयाबीनचा हंगाम आठवा. हमीभाव ४,८९२, मोंढ्यात चार हजारांच्या आसपास. राज्याला १४ लाख १३ हजार टनांचं उद्दिष्ट. आधी ओलाव्यावरून माल परत, मग नोव्हेंबरमध्ये १२ टक्क्यांची अट १५ केली. मग जानेवारीत केंद्रं बंद. कारण? बारदाना नाही. आठ वर्षांनी तोच पुठ्ठा, फक्त या वेळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मुदत १२ जानेवारी, मग ३१ जानेवारी, मग ६ फेब्रुवारी. शेवटी ११ लाख टनांच्या वर खरेदी झाली. आकडा मोठा आहे, नाकारत नाही. पण उद्दिष्ट सरकारचंच होतं ना? १४ लाख १३ हजार टन म्हणजे २ कोटी ८२ लाख ६० हजार पोती. तिसरीच्या पोराला येणारा गुणाकार आहे. उद्दिष्ट ठरलं त्या दिवशी पोत्यांचा आकडा पण ठरला होता.

आता २०२५-२६ चं. तुरीचा हमीभाव ८,००० ठरला. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितलंय की २०२८-२९ पर्यंत तूर, उडीद, मसूर शेतकरी देईल तेवढी शंभर टक्के घेऊ. वचन मोठं आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने आपल्याकडे किती रानं धुऊन नेली ते तुम्ही पाहिलंय, त्यामुळे उतारा कुणाचा दोन क्विंटल, कुणाचा सहा. अंदाज करणं खरंच अवघड आहे.

पण २०१७ ला नव्हतं असं एक साधन आज आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी चालू आहे. कोणत्या गटात किती आर तूर, हे मोबाईलवरून नोंदवलेलं सरकारच्या सर्व्हरवर पडून आहे. त्यात चुका आहेत, मला माहिती आहे. नेटवर्क नसतं, फोटो चढत नाही, कुणी बांधावर उभं राहून भलतंच पीक टाकतं. तरी बहात्तरच्या मुकादमाच्या पटापेक्षा ते वाईट नाही. वर खरेदीसाठी ऑनलाईन नोंदणी होते, तीही रोज मोजता येते. जिंतूर तालुक्यात आज किती शेतकऱ्यांनी नोंदणी केली, केंद्रावर पोती किती शिल्लक, गोदामात जागा किती, हे तीन आकडे रोज संध्याकाळी गेटवर खडूने लिहायला कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. तीनच प्रश्न विचारलेत. जिल्ह्यात तालुकावार तुरीची नोंदलेली पेरणी किती, या हंगामासाठी पोती किती मागवली, आणि मागणी कोणत्या तारखेला पाठवली. तारीख मला सगळ्यात जास्त हवी आहे. उत्तर आलं की इथे जसंच्या तसं टाकीन. तुमच्या केंद्रावर खरेदी थांबली तर कारण आणि तारीख मला पाठवा. पुठ्ठ्याचा फोटो असेल तर फारच उत्तम.

बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत. २०१७ नंतर ते दर दिवाळीला मोंढ्यातून पंचवीस-तीस रिकामी पोती आणून माळवदावरच्या खोलीत रचून ठेवतात. मी सांगून थकलो की बाबा, सरकारी केंद्रावर आपली पोती चालत नाहीत, तिथे ताडपत्रीवर माल ओतावा लागतो, चाळणी मारतात आणि मग त्यांच्याच छापाच्या नव्या पोत्यात भरतात. ते ऐकून घेतात. परवा वर गेलो तर दाभण आणि सुतळीचं बंडल पण आणून ठेवलेलं होतं.